जांगडीचा कोट

मे १९४९. गुलमंडीतल्या जहांगीर शिंप्याच्या दुकानात, आतल्या खुंटीवर, एका चादरीखाली कोट टांगलेला होता आणि त्याखाली काही गाठोडी रचलेली होती. गडद हिरवा, लोकरी, कमरेलाच संपणारा आखूड कोट; पुढे दोन रांगांत आठ बटणं. मुबारकला तो दाखवण्याआधी जहांगीरने रस्ता दोन्ही बाजूंनी पाहिला आणि दुकानाची एक फळी लावून घेतली.

"घाल, मियाँ. आरशासमोर उभा राहू नको फक्त, रस्त्यावरून दिसतं."

मुबारकने कोट अंगात चढवला. खांदे नीट बसले, बाह्या मनगटाशी थांबल्या. पहिलं बटण लावायला त्याने खाली पाहिलं आणि हात तिथेच थांबला. बटणावर निजामाची दस्तार होती. मुकुटासारखी ती पगडी पितळेत ठसठशीत उठवलेली होती. आठही बटणांवर तीच.

"जहांगीरभाई, हे कुठून आणलं तुम्ही?"

"आणलं कुठं? आलं. मागच्या सप्टेंबरात लोक गाठोडी ठेवून गेले. कुणी सांगून ठेवलं, कुणी फळीखालून सरकवलं. न्यायला कुणी परत आलं नाही. नाव विचारू नको. मी पण विचारलं नव्हतं."

कोटाच्या आत, मानेखाली, अस्तराचा एक चौकोनी तुकडा कापून काढलेला होता. पलटणीत तिथे शिपायाचा नंबर शाईने घातलेला असे. मुबारकच्या स्वतःच्या कोटावरही होता. तो कोट त्याने आठ महिन्यांपूर्वी चुलीत घातला होता.

मुबारक नऊ वर्षं छावणीत निजामाच्या पलटणीच्या बँडमध्ये मशक वाजवत होता. चामड्याची पिशवी डाव्या काखेत धरायची, तोंडाने फुंकून भरायची, कोपराने दाबून सूर काढायचे, असं ते वाद्य. गोऱ्या अंमलदारांच्या काळापासून या वादकांना चौकड्यांचा, चुण्यांचा किल्ट आणि वर आखूड कोट असा पोशाख होता. शहरात किल्ट कुणी म्हणत नसे, घागराच म्हणत. पोलीस अॅक्शन पाच दिवसांत आटोपली, पलटण मोडली आणि मुबारक लोटाकारंजातल्या घरी परतला. त्या आठवड्यात त्याच्या गल्लीत चार-पाच घरांतून लोकर जळाल्याचा वास येत होता. कुणी कुणाला कारण विचारलं नाही.

किल्ट मात्र वाचला. नजमाने, त्याच्या बायकोने, तो चुलीपासून ओढून घेतला. आठ वार कापड आहे, थंडीत पांघरता येईल, एवढंच ती म्हणाली. पांघरुणाकडे कोण बघतो? कोटाचं तसं नव्हतं.

कोणता कपडा घरात चालतो आणि कोणता नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नजमाचा भाऊ शमशाद करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर चौकीदार होता. ऑक्टोबरमध्ये झडतीत त्याच्या घरात खाकी सदरा सापडला आणि तो रझाकाराचा समजून पोलीस त्याला घेऊन गेले. तो नाक्याचा सदरा होता. शमशाद तीन महिन्यांनी परत आला. तेव्हापासून दार वाजलं की तो उठून आतल्या खोलीत जात असे आणि पाहुणा गेला तरी लवकर बाहेर येत नसे. तिथे काय झालं ते त्याने सांगितलं नाही. मुबारकने त्या दिवसापासून पलटणीचं नाव काढणं सोडलं. हिमरू कापडाच्या कारखान्यात तो विणकरांना सुताच्या कांड्या भरून देई. कुणी नवखा विचारू लागला की पहिल्यापासून हेच काम करतो म्हणून सांगे.

बँडवाला कारभारी नवखा नव्हता. सोमवारी तो कारखान्यात आला आणि सुताच्या ढिगावरच बसला.

"मुबारकभाई, लासूर स्टेशनला तात्यासाहेबाच्या पोरीचं लगीन हाय. शुक्रवारी. मोंढ्यातला लई मोठा आडत्या. त्याला मशक पायजे."

"सोडली मी मशक."

"तू सोडली असशील. घरात टांगलेली हाय ना? मंग तिनं तुला कुठं सोडलं?"

"हळू बोला."

"हळूच बोलतोय. तात्यासाहेबानं ल्हानपणी छावणीत बघितलीय म्हणं. घागऱ्यासकट पायजे त्याला. एक लगीन वाजीव, तिथं आख्खा मोंढा जेवायला येतोय. आखाडापस्तोर तुला ह्या कांड्यांकडं बघायची सवड नाय मिळायची."

"घागरा आहे. कोट नाही. तुमच्या बँडचा लाल कोट घालतो."

"आमचा कोट गुडघ्यापस्तोर येतो. घागरा झाकला तर काय राहिलं? लोक म्हनतील, कारभारीनं मियाँला पोतं फुगवायला आणलंय." तो हसला, मग मुबारकचा चेहरा पाहून थांबला. "आखूड कोट बघ कुठं मिळतो का. मिळाला तर ये. नाय मिळाला तर नको. पण मंग पुढच्या लग्नाला मी दुसरा गडी बघंन. राग मानू नको."

मुबारकला राग आला नाही. त्याला आठ महिन्यांत पहिल्यांदा काखेत ती पिशवी फुगल्यासारखी वाटली. ही गोष्ट त्याने नजमाला सांगितली नाही. तो थेट गुलमंडीत आला.

आणि आता कोट अंगात होता.

"बटणं बदलून द्या, जहांगीरभाई. साधी लावा. शिंगाची."

"विकत घे, आत्ता बदलतो."

"आधी घालून बघू द्या. काय होतं, काय नाही."

"मग जांगड ने."

गुलमंडीतल्या कापडवाल्यांची ही जुनी पद्धत. माल पसंतीसाठी घरी न्यायचा, ठरल्या दिवशी ठेवून घ्यायचा नाहीतर जसाच्या तसा परत आणायचा. तोवर माल दुकानदाराचाच. साड्या जांगड जात, शालू जात. पलटणीचा कोट जांगड गेल्याचं कुणी ऐकलं नसेल, पण जहांगीरला दुसरी पद्धत माहीत नव्हती.

"पण एक ऐक," तो म्हणाला. "जांगडीत टाक्याला हात लावायचा नाही. बटण बदलायचं नाही. परत आला तर जसा गेला तसा आला पाहिजे. उद्या ज्याचा आहे तो आला तर?"

"आठ महिने आला नाही तो."

"म्हणून तर भीती वाटते."

मुबारक फळीआडच्या अर्धवट उजेडात उभा राहून विचार करत होता. विकत घेतला तर बटणं बदलता येत होती, पण कोट कायमचा त्याच्या घरात येत होता. जांगड नेला तर बटणांवर दस्तार राहत होती, पण कोट त्याचा नव्हता. शनिवारी तो पुन्हा या खुंटीवर येणार होता. जी वस्तू आपली नाही तिच्यासाठी आपल्याला कोण धरील, असा त्याने हिशेब केला. नंतर त्याने कबूल केलं की हा हिशेब धास्तावलेल्या माणसाचा होता.

"जांगड नेतो," तो म्हणाला.

नजमाने गाठोडं सोडलं, कोट पाहिला आणि परत बांधून दारापाशी ठेवलं.

"नक्को."

"ऐकून तर घे."

"नक्को बोली ना मैं. शमशाद को देखे नहीं क्या तुम?"

"शमशादचा सदरा खाकी होता. हा हिरवा आहे. लग्नात घालायचा. बाजेवाल्याचा."

"और ये?" तिने गाठोड्यातूनच एक बटण बोटांत धरलं. "ये भी बाजेवाले का है?"

दोघं गाठोड्याच्या दोन बाजूंना बसून राहिली. दुपारची वेळ होती; गल्लीतून कल्हईवाल्याची हाक गेली, तेवढ्यानेही नजमाने गाठोड्यावर ओढणी टाकली.

"कारखान्यात किती दिवस ठेवतील मला?" मुबारक म्हणाला. "बोटं चालत नाहीत माझी त्या कामात. पोरं हसतात. मला एकच काम येतं, नजमा."

ती उठली, पेटीतून हिरव्या साटणीच्या चिंध्या काढल्या आणि त्यांचे रुपयाएवढे गोल कापले. प्रत्येक गोलाच्या कडेने धावदोरा घालून तिने तो बटणावर चढवला आणि मागे दोरा आवळून गाठ मारली. कोटाच्या एकाही टाक्याला तिने हात लावला नाही. आठ बटणं झाकायला अर्धा तास लागला. झाकलेली बटणं जाड झाली, काजात जाईनात; तिने ती अंगठ्याने दाबून बसवली.

"अब दिखता नहीं," ती म्हणाली. आवाजात समाधान नव्हतं.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने बँड लासूर स्टेशनला उतरला. कारभारी, त्याचे नऊ वाजंत्री आणि मुबारक. बाकी सगळ्यांच्या अंगावर लाल कोट होते. मुबारकच्या अंगावर सदरा-पायजमा, खांद्यावर मशक आणि हातात गाठोडं. गाडीत तो खिडकीपासून लांब बसला होता. एका पोत्यावर बसलेल्या म्हातारीने मशकीकडे बोट करून विचारलं, "पानी विकतो व्हय रं?" तेव्हा सगळे हसले आणि तोही हसला. तेवढाच वेळ त्याला गाठोड्याचा विसर पडला.

फलाटाच्या दाराशी पोलीस सामान तपासत होते. बाहेरून बदलून आलेला एक फौजदार होता, वऱ्हाडातला. त्याच्याजवळ इथलाच एक वयस्कर शिपाई. आपण मागे फिरलो तर ते नजरेत येईल, हे मुबारकला कळत होतं. पाय मात्र फिरायला बघत होते. त्याने ते रेटले.

"बाजेवाले हाव साहेब," कारभारी म्हणाला. "तात्यासाहेबाच्या पोरीच्या लग्नाला."

"ते दिसून राहिलं. सोडा सामान."

ढोल, तुताऱ्या, क्लॅरिनेट पाहून झालं. मुबारकचं गाठोडं शिपायाने सोडलं. वर किल्ट होता. फौजदाराने तो दोन बोटांनी उचलला.

"हे लुगडं कोणाचं बे?"

"याचं," कारभारी म्हणाला. "आमच्यातली नाची हाय ती साहेब." वाजंत्री हसले. फौजदारही हसला. मग त्याने किल्टखालचा कोट ओढून काढला आणि त्याचा अंगठा बटणावर थांबला. त्याने बटण दाबलं. पुढचं दाबलं.

"याच्यात काय आहे?"

"पितळेची बटणं, साहेब," मुबारक म्हणाला.

"मंग वरून कापड कायले?"

या प्रश्नाचं उत्तर मुबारकने गाडीत तयार करून ठेवलं होतं. "गंजतात म्हणून."

"पितळ कवा गंजते बे?" फौजदाराने शिपायाला खूण केली. शिपायाने चाकूने दोरा कापला. साटणीचा गोल खाली पडला आणि बटण उघडं झालं. फौजदाराने ते उजेडाकडे धरलं. मुबारकच्या कानांत गाडीची शिटी घुमल्यासारखी झाली, पण गाडी कधीच गेली होती.

"अरे," फौजदार शिपायाकडे वळून म्हणाला, "हे तं तुयाच कोटावरचं बटण आहे."

शिपायाचा हात छातीवर गेला. पोलिसांचे नवे कपडे अजून इथवर आले नव्हते. तो आपला जुनाच गणवेश घालून रोज या दारात उभा राहत होता. त्याच्या छातीवर पाच दस्तारी होत्या, घासून चकचकीत केलेल्या. मुबारकने पोलिसाकडे मान वर करून पाहिलंच नव्हतं, म्हणून त्याला त्या दिसल्या नव्हत्या. शिपायाने हात काढला नाही. आपल्यावर काही येतंय का, हे तो फौजदाराच्या चेहऱ्यावर शोधत होता.

"म्हणजे असं बटण काही गुन्हा नाही," फौजदार सावकाश म्हणाला. "याच्या अंगावर आहे. मंग तू झाकलं कायले? चोरीचा कोट आहे काय?"

"नाही साहेब."

"मंग कोणाचा?"

कारभारीला वाटलं आपण मदत करावी. "जांगड आणलाय साहेब. गुलमंडीतनं. पसंत पडला तर ठेवायचा, नाय तर परत."

"जांगड फांगड मले नाही समजत. म्हणजे याचा नाही. कोणाचा आहे? दुकानदाराचं नाव सांग."

कारभारीने मुबारककडे पाहिलं. कोट कोणत्या दुकानातून आणला ते मुबारकने त्याला सांगितलेलं नव्हतं.

"नाव," फौजदार म्हणाला.

आपला नसलेला कोट आपल्याला वाचवील, असं मुबारकने धरलं होतं. तो कोट आता जहांगीरकडे बोट दाखवत होता. नाव घेतलं तर संध्याकाळपर्यंत गुलमंडीत माणसं जातील. चादर ओढतील. चादरीखाली किती गाठोडी होती ते मुबारकने पाहिलं होतं, आणि ती कुणाची म्हणून विचारल्यावर जहांगीरकडे एकच उत्तर होतं: माहीत नाही. शमशादनेही बहुतेक असंच काही सांगितलं असावं.

शिपाईही आता त्याच्याकडेच पाहत होता.

"जांगड नाही साहेब," मुबारक म्हणाला. "यांना मी खोटं सांगितलं. कोट माझा आहे."

"तुया? तुले कुठून भेटला?"

"निजामाच्या पलटणीतला. मी मशक वाजवत होतो. नऊ वर्षं."

आठ महिने जे त्याने नव्या माणसाला एकदाही सांगितलं नव्हतं, ते त्याने पोलिसाला सांगितलं होतं, आणि ते दुरुस्त करता येणार नव्हतं.

फौजदाराने कोट उलटा केला. कापलेल्या अस्तरातून त्याचं बोट आरपार गेलं.

"इथं नंबर राहते. कापला कायले?"

"भीतीनं."

"आन् बटणं झाकली?"

"ती पण भीतीनं, साहेब."

कापणारा माणूस वेगळा होता. तो कोण, कुठे आहे, जिवंत आहे का, हे मुबारकला ठाऊक नव्हतं. पण त्याच्या वतीने दिलेलं उत्तर खरंच असणार, याबद्दल त्याला शंका नव्हती.

फौजदाराने डायरी काढली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं: नाव, बापाचं नाव, मोहल्ला, जुन्या पलटणीत बाजेवाला, कोट हिरवा एक, पितळी बटणं आठ, दस्तारीची, कोट स्वतःचा. मुबारकने खाली उर्दूत सही केली. फौजदाराला ती वाचता येत नव्हती. त्याने ती शिपायाला दाखवली, शिपायाने मान हलवली.

"हे शहरातल्या ठाण्यात कळवतो मी. बोलावलं का कोट घेऊन जायचं. आन् ते कापड काढ सगळं. इथंच. झाकलं का माणसाले संशय येते."

मुबारकने नजमाच्या गाठी एकेक करून तोडल्या. शेवटच्या दोन शिपायाने तोडून दिल्या. गोल गोळा करायला मुबारक वाकला तेव्हा शिपाई त्याच्या कानाशी म्हणाला, "मेरे बटन का लिखे क्या उन्होंने?"

"नाही."

"अच्छा," शिपाई म्हणाला आणि परत दारात जाऊन उभा राहिला.

लग्न वाजलं. मोंढ्याच्या रस्त्यावर मशकीचा पहिला सूर निघाला तेव्हा बैल बिथरले आणि लोक खूश झाले. बाया पदर तोंडाला लावून घागऱ्याला हसल्या. तात्यासाहेबांनी स्वतः पुढे येऊन एकच धून तीनदा मागितली. मुबारक कोपऱ्या-कोपऱ्यावर वळताना गर्दीत पोलिसाची टोपी शोधत होता. एका धुनेचा मधला तुकडा तो साफ विसरला आणि सुरुवातच पुन्हा वाजवली. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. कारभारी दिवसभर त्याच्याशी नेहमीपेक्षा जास्त बोलला, पण फलाटावरच्या गोष्टीबद्दल बोलला नाही. परतीच्या गाडीत एकदाच म्हणाला, "मला सांगायचं ना आधी, काय बोलायचं आन् काय नाय ते."

"मलाच कुठं माहीत होतं," मुबारक म्हणाला.

शनिवारी सकाळी तो गुलमंडीत गेला. कोट त्याने गुंडाळला नव्हता, हातावर घेतला होता. जहांगीरने तो लांबूनच पाहिला आणि मशिनवरून उठला.

"गाठोड्यात तरी आणायचा! वेडा झाला काय?"

मुबारकने झालं ते सांगितलं. जहांगीर मध्येच बोलला.

"माझं नाव?"

"नाही घेतलं."

"दुकान?"

"गुलमंडी एवढंच. ते कारभारी बोलला. मी खोटं पाडलं."

जहांगीर खाली बसला. त्याने कात्री उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. मग हात पुढे केला.

"दे. टांगतो. मुदत आजचीच होती."

"टांगता नाही यायचा. ठाण्यात लिहिलंय, कोट माझा. बोलावलं तर घेऊन जायचंय. आजपासून विकत घेतला मी. काय ते सांगा, थोडे थोडे करून देईन."

जहांगीरला हे समजायला वेळ लागला. समजलं तसा तो घाईने म्हणाला, "मग बटणं तरी बदलू. आत्ता बदलतो. आता तुझाच आहे." त्याने शिंगाच्या बटणांची डबी शोधायला सुरुवात केली.

"आठ लिहिलीत. दस्तारीची. ती बदलली तर तेच विचारतील, का बदलली."

डबी उघडीच राहिली. दोघं त्या आठ बटणांकडे पाहत होते. शेवटी जहांगीर म्हणाला, "मग मी करू काय, मुबारक? काहीतरी सांग मला करायला."

मुबारकने कोट घातला आणि डावा हात उचलला. "मशक दाबली की इथं आवळतं. काल दिवसभर श्वास पुरला नाही. काखेत थोडी सैल करून द्या. ते कुणी लिहून घेतलेलं नाही."

जहांगीरने तोंडात दोन टाचण्या धरल्या आणि काखेतली शिवण चाचपू लागला. एवढ्यात पायरीवर कुणाचीतरी सावली पडली. जहांगीरचा हात थांबला. मुबारकने उचललेला हात तसाच धरून ठेवला.

पोलक्याचं माप द्यायला आलेली एक बाई होती, आणि तिला घाई होती.